नव्वद दाण्यांची कोच

माझ्या बायकोला पोहता येत नव्हतं. पाणी घोट्याच्या वर आलं की ती "अवो माय वं!" करून ओरडायची आणि शेजारी जो असेल त्याचा सदरा धरायची. शेताच्या वाटेवरच्या नाल्यात गुडघाभर पाणी असलं तरी तिला बैलबंडीत बसवून न्यावं लागायचं, आणि बंडीतही ती पाय वर घेऊन बसायची. तर अशी ही बाई माझी पोहण्याची कोच होती. साध्यासुध्या पोहण्याची नाही, दीड हजार मीटरची. जगभरातले म्हातारे जमले होते त्या स्पर्धेत मी उतरलो तो तिच्या शिकवणीवर. आता हे ऐकून कोणी हसलं तर मी रागावत नाही. सगळ्यांत आधी मीच हसलो होतो, आणि त्या दिवशी माझ्या ताटातल्या भाजीत मीठ नव्हतं.

तिचं खरं नाव आधार कार्डावर आहे. गाव तिला कोचबाई म्हणायचं. आधी टिंगल म्हणून, मग सवयीनं. घाटंजीच्या बाजारात भाजीवालीसुद्धा "कोचबाई, वांगे न्या ना" म्हणायची. तेव्हा ती अशा ऐटीत वळायची की वाटावं, हिच्या मागे दहा-बारा खेळाडू उभे आहेत. मागे मी एकटाच असायचो, पिशव्या धरून.

हे सगळं सुरू झालं ते बाजेपासून. माझे गुडघे गेले, म्हणून शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं, बैल विकले आणि अंगणातल्या बाजेवर पडलो. सकाळी उजव्या कुशीवर, दुपारी डाव्या. सावली सरकली की ती बाज ओढायची, मी उतरायचो नाही. डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की यांना हलवा, चालता येत नसेल तर पोहू द्या, असेच पडून राहिले तर दोन वर्षं काढणार नाहीत. दुसरी एखादी बाई रडली असती. ही घरी आली आणि बाजेच्या पायाला लाथ मारून म्हणाली, "दोन वर्षं म्हणते डॉक्टर. मंग मी काय एकटीनं भाकर खाऊ? उठा." मी म्हणालो, उद्या पाहू. तिला माझा उद्या माहीत होता.

त्याच दिवसांत टीव्हीवर ऑलिंपिक चालू होतं. ती सुपात तूर निवडत बसली होती आणि मी दारातून बाजेवरूनच पाहत होतो. आठ माणसं पाण्यात उडी मारून निघाली.

"हे कुठं चालले वो?"

"कुठंच नाही. त्या भिंतीपर्यंत जातात अन् वापस येतात."

"मंग आता आले ना."

"परत जातात."

"काई विसरले का तिकडे?"

पंधरा मिनिटं ती शर्यत चालली. बाकी लोक असली शर्यत लागली की दुसरं काही लावतात, आमची बाई सूप बाजूला ठेवून बसली. शेवटाला घंटी वाजली. बोलणाऱ्यानं सांगितलं की आता शंभर मीटर राहिले म्हणून घंटी देतात, एवढ्या फेऱ्या मारता मारता पोहणाऱ्याला आपण कितव्यावर आहोत तेही आठवत नाही. एका माणसानं काठावरून पाण्यात पाटी धरली होती, तिच्यावर राहिलेल्या फेऱ्यांचा आकडा होता. हे पाहून तिचे डोळे असे चमकले की मी ओळखलं, आता माझं काही खरं नाही. "म्हंजे पोहणाराले काई येत नसलं तरी चालते," ती म्हणाली. "मोजणारा हुशार पाहिजे."

आमची लेक सुनंदा यवतमाळला शिवणकाम शिकवते. तिनं मोबाइलवर पाहून सांगितलं की साठीच्या पुढच्या लोकांसाठीही जगाच्या स्पर्धा असतात. पळणं, भाला, गोळा, पोहणं, सगळं एकाच ठिकाणी. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात हैदराबादेत आहेत, आणि नाव दिलं की घेतात. मी म्हणालो, द्यायचंच असेल तर पन्नास मीटरला द्या.

"पन्नास कायले? एका मिनिटात होते ते, अन् दुसऱ्या मिनिटाले तुमी बाजेवर. सगळ्यात लांबचं कोणतं हाय वं, सुनंदा?"

"दीड हजार मीटर, आई."

"याच्यापेक्षा लांब नाही?"

"नाही."

"बरं, त लिही तेच."

माझं नाव असं लागलं. मला कोणी विचारलं नाही.

आमची विहीर गोल आहे. तिनं बैलांचा राहिलेला दोर घेऊन काठाकाठानं विहीर मोजली, सुनंदाला फोन केला, आणि दोघींनी ठरवलं की विहिरीच्या नव्वद फेऱ्या म्हणजे दीड हजार मीटर. मग ती बाजारातून एक शिट्टी घेऊन आली. दोन वाट्या घेतल्या. एका वाटीत तुरीचे नव्वद दाणे, एक वाटी रिकामी. माझी एक फेरी झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. पाण्याच्या भीतीनं तिनं तोच दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक कडुनिंबाला. म्हणजे मी बुडालो असतो तर मला काढायला दोर नव्हता. दोर कोचला लागत होता.

पोहायला मला लहानपणापासून येत होतं, पण आमचं पोहणं म्हणजे मान वर काढून. विहिरीत एक पाणसाप राहायचा. विषारी नसतो तो, पण तोंडासमोर आला की हे समजावून सांगायला वेळ मिळत नाही. कोच वरून ओरडायची, "तोंड पाण्यात घाला! टीव्हीतले पोट्टे घालतात!" मी म्हणायचो, टीव्हीतल्या पोट्ट्यांच्या पाण्यात साप नसतो. एकदा तो माझ्या पुढून सरळ निघून गेला. मी भिंतीला चिकटलो. वरून शिट्टी वाजली आणि आवाज आला, "पाहा त्याले! हात नाही, पाय नाही, गुडघे नाही, तरी तुमच्या पुढं गेला. शिका काही!" त्या दिवसापासून ती सापालाही फेरी मोजायची. म्हणायची, दोन नंबरचा पोहणारा आहे आपल्याकडे, आणि तो कुरकुर करत नाही.

टीव्हीतल्या पोहणाऱ्यांची चड्डी गुडघ्यापर्यंत आणि घट्ट असते हे तिनं पाहून ठेवलं होतं. घट्ट आणि पाणी न पिणारं असं एकच कापड आमच्या घरात होतं, माझी जुनी छत्री. तिनं छत्री उसवली आणि चड्डी शिवली. काळीकुळकुळीत. चाललो की फडफड आवाज यायचा. कुत्री उठून बसायची. उडी मारली तर आत हवा भरायची आणि माझं ढुंगण पाण्याच्या वर आणि डोकं खाली. पहिल्या दिवशी मी असा उलटा तरंगत होतो आणि ती वर काठावर शिट्टी वाजवून म्हणत होती, "हाव, असंच! आता तोंड गेलं बराबर पाण्यात!" पुढे उडीची मला बंदी झाली. पायऱ्यांनी उतरायचं, हवा काढून टाकायची, मग शिट्टी.

मोजणीत ती फार कडक होती. निदान मला तसं वाटायचं. एकदा चाळिसाव्या फेरीच्या सुमाराला आमची कोंबडी काठावर आली आणि कोच सापाकडे पाहते आहे तोवर कोंबडीनं वाटीत चोच घातली. हाकलेपर्यंत बरेच दाणे गेले. मी खालून विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "कोंबडीनं खाल्ले." मी खूश झालो. म्हणालो, मग तेवढ्या फेऱ्या कमी. तिनं कोंबडीला काखेत धरली, राहिलेले दाणे मोजले आणि म्हणाली, "अकरा दाणे हिच्या पोटात हायेत. ते पोटात हायेत म्हून तुमचे झाले असं नाही. चाला." मी अकरा फेऱ्या कोंबडीच्या पोटाकडे पाहत मारल्या. त्या रात्री मी म्हणालो, ही कोंबडी कापू. तिनं ऐकलं नाही.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं आणि पायऱ्या संपल्यावर उतरणार कसं. मला वाटलं, सुटलो. तिनं मला अंगणात बाजेवर पोटावर झोपवलं आणि हात मारायला लावले. वाट्या, दाणे, शिट्टी, सगळं तेच. शेजारचा गणपत माझा लंगोटीयार. तो कुंपणावर हनुवटी टेकून बघायचा.

"काय बे, कुठपर्यंत पोचला?"

"बाभुळगावपर्यंत," मी म्हणायचो.

"मंग संध्याकाळी वापस येशीन का मुक्काम हाय?"

"गणपतभाऊ," कोच शिट्टी तोंडातून काढून म्हणायची, "हसा तुमी. हैदराबादेत हे पुरे पंधराशे मीटर मारतीन, तवा बोलू."

"यानं पुरे मारले त मी मिशी काढीन, वहिनी."

गणपतची मिशी म्हणजे तालुक्यात माहीत असलेली वस्तू. त्याचा बाप गेला तेव्हा त्यानं डोक्याचे केस दिले, मिशी दिली नाही. कोचनं त्याच्यासमोर चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर मिशी काढून ठेवली, विसर पडू नये म्हणून. त्या दिवसापासून तिची इज्जत त्या भिंतीवर होती. ती सकाळी उठून आधी मिशीकडे पाहायची, मग माझ्याकडे.

मी मधला हिवाळा सांगायचा विसरलो. पौषाच्या थंडीत विहिरीचं पाणी सकाळी वरून कोमट दिसतं, आत उतरलं की बर्फ असतं. पहिले काही दिवस मी नव्वद फेऱ्या मारून वर आलो की माझे दात वाजायचे आणि ती तोंड फिरवून शेकोटीत काड्या घालायची. मग काय झालं कुणास ठाऊक, माझा दम एकाएकी वाढला. फेऱ्या लवकर व्हायला लागल्या. शेवटची शिट्टी वाजायची तेव्हा मला वाटायचं, अरे, इतक्यात? ती म्हणायची, "तुमचा दम वाढला. छाती पाहा कशी झाली." मी आरशात छाती पाहिली. गणपतलाही दाखवली.

हैदराबादेला आम्ही तिघं गेलो. मी, सुनंदा आणि कोच. कोचच्या पिशवीत भाकरी, ठेचा, शिट्टी, दोन वाट्या आणि विकलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटी. मी विचारलं, घंटी कशाला? "टीव्हीत होती," ती म्हणाली.

तो तलाव पाहून मी आधी वाकून पाण्यात बोट घातलं. पाणी असं निळं की तळाच्या फरशा मोजून घ्याव्या. साप नाही, पालापाचोळा नाही, बेडूक नाही. मला करमेना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो चौकोनी होता. वर्षभर मी गोल पोहलो होतो, आणि तेही एकाच बाजूनं, उजव्या हाताला वळत, कारण दुसऱ्या बाजूनं मला पाहताना कोचची मान दुखायची. हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलं, पण तलावाला कोपरे असतात हे तिनं धरलं नाही आणि मीही नाही.

माझ्या शेजारच्या पट्टीत कुठल्याशा थंड देशातला एक गोरा म्हातारा होता. माझ्यापेक्षा मोठा. त्यानं माझ्या छत्रीच्या चड्डीकडे फार आदरानं पाहिलं. त्याला वाटलं असेल, नवीन काही निघालं आहे. सुनंदानं दिलेली रबरी टोपी माझ्या कानांवर चढेना, तर त्यानंच ओढून बसवून दिली. पंचानं सांगितलं की एका तासात संपवायचं, नाही झालं तर बाहेर काढतील. शिट्टी झाली. त्यांची, आमची नाही. बाकीच्यांनी उड्या मारल्या, मी पायऱ्यांनी उतरून, हवा काढून, निघालो.

दहा हात गेलो आणि उजव्या बाजूच्या दोरीवर आदळलो. पुन्हा सरळ झालो, पुन्हा उजवीकडे. माझं अंग वळतच होतं. त्या दोरीला प्लास्टिकच्या चकत्या असतात, माझा उजवा खांदा त्यांनी खरवडून काढला. भिंत आली की मला वळता येईना. बाकीचे पाण्यात कोलांटी मारून निघून जायचे, मी भिंत धरायचो, थांबायचो, बैलासारखा मागं वळायचो आणि निघायचो. गोरा म्हातारा किती वेळा पुढं गेला ते मी मोजलं नाही. माझी मोजणी दुसरीकडे चालू होती. कठड्यामागे पहिल्या रांगेत कोच दोन वाट्या मांडीवर घेऊन बसली होती. तिनं घरूनच दाणे तीस मोजून आणले होते, कारण सुनंदानं सांगितलं होतं की या तलावाची लांबी तीसदा पोहायची.

एक एक करून सगळे संपवून बाहेर गेले. तलावात मी एकटा. तरी मी घाबरलो नव्हतो, कारण माझ्या अंगाला माहीत होतं की आता झालंच. रोजच्यासारखे खांदे जड झाले, रोजच्यासारखी पोटरी ओढली गेली, रोज ज्या दमाला शिट्टी वाजते तो दम आला. मी भिंत धरली आणि टोपी काढली. झालं.

काठावरचा पंच पाटी घेऊन वाकला. पाटीवर तीन.

"अंकल, तीन बाकी है."

"नाई, झाले," मी म्हणालो.

"नहीं अंकल, तीन लेंथ और."

"तुमची मोजणी चुकली. मी वर्षभर रोज एवढंच पोहतो. माझी बायको मोजते. तिची मोजणी चुकत नाही. कोंबडीनं खाल्लेले दाणेही मोजते ती. विचारा तिले."

मी वर पाहिलं. जी वाटी रिकामी व्हायला हवी होती ती तिनं तिरपी धरली होती, आणि तिच्यात अजून दाणे होते. मला खालून दिसत होते. आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. पन्नास वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यापासून नजर चुकवते आहे असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"काय वं?" मी ओरडलो. "किती राहिले?"

ती उठून उभी राहिली. कठडा धरला. आणि सगळ्या देशांच्या माणसांसमोर, आमच्या शेतात असल्यासारखी ओरडली.

"तीनच राहिले! तो बराबर बोलून राह्यला!"

"मंग घरी कसे होत होते?"

"घरी ऐंशीच होत होते!"

"काय?"

"थंडीत तुमचे ओठ जांभळे पडत होते! मले पाहवे ना! मी शेवटी शेवटी दोन-दोन दाणे टाकत होती!"

"सारं वर्षभर?"

"हाव!"

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी बाजेवर जाऊन पडले असते! दम वाढला म्हणलं त रोज तरी आले!"

सुनंदानं ओढणी तोंडावर घेतली होती. पंच एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. पाटी अजून पाण्यातच. गोरा म्हातारा टॉवेल गुंडाळून काठावर आला होता, त्याला एक शब्द कळत नव्हता, पण तो मान हलवत होता. त्याचंही लग्न झालेलं असावं.

"अवो, आता भांडू नका!" कोच ओरडली. "घरी भांडू! पोहा! गणपतभाऊची मिशी जाते!"

माझा इतका संताप झाला की मी टोपी फेकून दिली आणि निघालो. त्या तीन फेऱ्या मी रागात पोहलो. पहिलीत तिला शिव्या दिल्या, पाण्यात तोंड घालून, म्हणून तोंड आपोआप पाण्यात गेलं. मी भिंतीला हात लावला आणि वळलो. टीव्हीत इथंच घंटी वाजते. पण ती पहिल्या येणाऱ्यासाठी वाजली होती आणि घंटीवाला ती आवरून ठेवून चहाला गेला होता. शेवटच्यासाठी कोण वाजवतो. तेवढ्यात घणघण घणघण असा आवाज आला, अख्खा तलाव दणाणला. माझ्या बैलाची घंटी. मी मान न वळवता ओळखली. बारा वर्षं ती माझ्या पुढं वाजत गेली होती, आता मागून वाजत होती. शिपाई तिला अडवायला धावला, पंचानं त्याला हातानं थांबवलं.

तासाला दीड मिनिट कमी असताना मी भिंतीला हात लावला. सगळ्यांत शेवटचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बाहेर आलो, पण तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती ओल्या फरशीवरून माझ्याकडे यायला निघाली. फरशीवर पाणी साधारण बोटभर. "अवो माय वं!" करून तिनं शेजारी जो होता त्याला धरलं. शेजारी गोरा म्हातारा होता आणि त्याला सदरा नव्हता, टॉवेल होता. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की मी रागावलेला राहू शकलो नाही.

घसरत घसरत ती माझ्यापर्यंत आली, वाटी पुढं केली आणि म्हणाली, "तीस. घ्या मोजून. याच्यात एक बी कमी नाही."

गणपतनं मिशी काढली. शब्दाचा पक्का आहे तो. पण त्याच्या म्हशीनं त्याला ओळखलं नाही आणि दोन दिवस दूध काढू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मिशीसारखा काळा धागा नाकाखाली चिकटवून गोठ्यात गेला. कोच ते पाहून इतकी हसली की तिला दम लागला. खाली बसावं लागलं. आम्ही सगळे हसत होतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही की तो दम हसण्याचा नव्हता.

तिचं हृदय मोठं झालं होतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, थोडं थोडं चालवा, अंगणातल्या अंगणात, झोपू देऊ नका. मग आम्ही बाज अंगणाच्या मधोमध आणली. बाजेभोवती वीस फेऱ्या. मी बाजेवर बसायचो, मांडीवर दोन वाट्या, गळ्यात शिट्टी. ती एका हातानं बाजेची कड धरून फिरायची. मी म्हणायचो, "मान वर! टीव्हीतल्या बाया पाहा कशा चालतात!" ती म्हणायची, "टीव्हीतल्या बायांले असा कोच नसते."

काही दिवस वीस झाल्या. मग एका सकाळी बाराव्या फेरीला मी तिचे ओठ पाहिले. तो रंग मला माहीत नव्हता, कारण विहिरीत तो मला स्वतःला दिसायचा नाही. तेव्हा मला कळलं, ती काठावर बसून काय पाहत होती. मी दोन दाणे टाकले. पुढच्या फेरीला आणखी दोन.

"आज लवकर झालं वो," ती म्हणाली.

"तुझा दम वाढला," मी म्हणालो.

तिनं वाकून वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे. मी शिट्टीकडे पाहत होतो.

"कोंबडी आलती का?"

"हाव. आलती."

"चांगली कोंबडी हाय," ती म्हणाली. "तिले कापू नका."

मग दहा फेऱ्यांत वीस व्हायला लागल्या. मग पाच. शेवटच्या आठवड्यात ती उठली, बाजेभोवती एकदा फिरली, आणि मी वाटीच पालथी केली. म्हणालो, झाल्या वीस. ती म्हणाली, "बेस." पोळ्याच्या आधी गेली.

मी बाजेवर पडलो. सकाळी उजव्या कुशीवर, दुपारी डाव्या. सावली सरकली तरी बाज ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून उन्हात. डॉक्टरची दोन वर्षं मला आठवत होती आणि खरं सांगतो, माझी काही हरकत नव्हती. एकट्यानं भाकर खाणं काय असतं ते मला आता कळत होतं. सुनंदा रडायची, गणपत कुंपणावरून "बाभुळगाव आलं का बे?" म्हणायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढायचो.

एका सकाळी टकटक आवाज आला. डोळे उघडले तर ओट्यावर कोंबडी, आणि तिची चोच कोचच्या वाटीत. विहिरीचे नव्वद दाणे मी पुन्हा त्या वाटीत भरून ठेवले होते, ते तसेच होते. ते कोणी हलवले नव्हते. मी "हड! हड!" करत उठलो. गुडघ्यांना विचारलंच नाही. अंगणभर कोंबडीच्या मागं दोन चकरा मारल्या, ती सापडली नाही, आणि मी मधोमध उभा, हातात वाटी, धापा टाकत. भिंतीवर कोळशाची मिशी. पलीकडे गणपत, खरी मिशी पुन्हा उगवलेली.

"उठला का बे," तो म्हणाला. "चाल मंग. विहीर भरली हाय."

आता गणपत मोजतो. दोर कमरेला बांधत नाही, त्याला पोहता येतं. शिट्टी त्याला वाजवता येत नाही, मिशी मध्ये येते. साप अजून आहे. गणपत त्याला मोजत नाही, त्यामुळे सापाचा उत्साह कमी झाला आहे. पण माणूस प्रामाणिक. एका फेरीला एक दाणा, थंडी असो की काही असो, कोणाचे ओठ पाहणं त्याला माहीत नाही.

ऐंशी झाल्या की मी पायरी धरतो आणि वर येतो. छत्रीची चड्डी फडफडते. गणपत वाटी पुढं करून ओरडतो, "ए, कुठं चालला? दहा दाणे बाकी हायेत!"

मी अंग पुसत म्हणतो, "कोंबडीनं खाल्ले."